गारगोटीची नाडीपरीक्षा

नदीकाठच्या गारगोट्या भरून ज्याचे खिसे फाटले नाहीत, असा मुलगा आमच्या गावात तरी नव्हता. त्या गारगोट्यांचा खरा उपयोग रात्री. गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायची आणि दोन गारगोट्या एकमेकींवर जोराने घासायच्या. आत पिवळसर उजेड लुकलुके आणि नाकाला काहीतरी जळल्याचा वास येई. इतक्या थंड, इतक्या मुक्या दगडात हा विस्तव दडून बसतो तरी कुठे, असे मी एकदा मास्तरांना विचारले. "पाढे पाठ झाले का?" असा उलट प्रश्न करून त्यांनी तो विस्तव तिथल्या तिथे विझवला.

मास्तरांना बोल लावण्यात अर्थ नाही. गारगोटीच्या पोटातले गुपित कळायला मोठमोठ्यांनाही वेळ लागला. १८८० साली झाक आणि पिएर क्युरी या भावांनी पॅरिसमध्ये दाखवून दिले, की क्वार्ट्झचा, म्हणजे आपल्या गारगोटीच्याच शुद्ध, नितळ जातभाईचा, बेताने कापलेला तुकडा दाबला तर त्याच्या अंगावर वीज प्रकट होते. पुढे ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले त्या मादाम क्युरींचे हे दीर आणि यजमान. दुसऱ्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी गणित मांडून सांगितले, की मग याच्या उलटही घडायला हवे: वीज लावली की तुकडा किंचित आखडला-पसरला पाहिजे. भावांनी करून पाहिले, तसेच घडले. आपल्या स्वयंपाकघरात खटका दाबून गॅस पेटवायचा लायटर असतो ना, त्यात या शोधाचा पूर्वार्ध बसलेला आहे. त्यात गारगोटी नसते, कारखान्यात भाजलेले सिरॅमिक असते. पण दाबले की वीज, हे तत्त्व तेच. उत्तरार्ध आपण मनगटावर बांधतो. घड्याळातल्या क्वार्ट्झचा इवलासा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्या थरथरीची मोजदाद करून काटा पुढे सरकतो.

रेडिओच्या कामात हीच गारगोटी पातळ चकती होऊन येते. चकती जितकी पातळ तितकी तिची थरथर जलद. सेकंदाला एक कोटी वेळा थरथरणारी चकती साधारण एक मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याइतकी जाड असते. दोन्ही अंगांना धातूचे पत्रे किंवा मुलामा, त्यांना दोन तारा, वर एक डबी, की झाला क्रिस्टल. ट्रान्समीटरने कोणत्या सुरात बोलायचे हे हा क्रिस्टल ठरवतो आणि एकदा ठरवले की सहसा ढळत नाही. तंबोऱ्याच्या तारा तासाला उतरतात. ही चकती वर्षानुवर्षे सुरात असते.

पण एक खोड आहे. ती जिवंत आहे की मेलेली, हे वरून समजत नाही.

विजेचा जुना दिवा गेला तर आतली तार तुटलेली दिसते. फ्यूज उडाला की काळा पडतो. कंडेन्सर फुगतो, रेझिस्टर करपतो, ट्रान्सफॉर्मर तर आधी वास सोडून मग प्राण सोडतो. क्रिस्टलला असले काही नाही. मल्टिमीटरच्या दोन सळया लावाव्यात, तर चांगला क्रिस्टलही काटा हलवत नाही आणि मेलेलाही हलवत नाही. मधे गारगोटीच आहे, तिच्यातून प्रवाह जाणार कसा? म्हणजे ज्या एका यंत्रावर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सारी भिस्त, ते इथे हात जोडून उभे राहते.

हे सगळे मी आज इतक्या तपशिलाने सांगतो आहे याचे कारण एक पत्र्याचा डबा.

माझा एक मित्र हौशी रेडिओवाला होता. रीतसर परीक्षा देऊन, परवाना काढून, रात्र रात्र कानाला हेडफोन लावून दूरदेशीच्या माणसांशी टिक-टिक-टिकीट बोलणाऱ्यांपैकी. २००१ साली भूजचा भूकंप झाला, टेलिफोन बंद पडले, तेव्हा देशभरच्या अशा मंडळींनी निरोपांची ने-आण केली. त्यात हाही कित्येक रात्री जागला. दोन वर्षांपूर्वी तो गेला. गेल्या पावसाळ्यात वहिनींनी माळा आवरायला काढला आणि मला बोलावणे धाडले. टेबलावर बिस्किटांचा जुना डबा होता. उघडला तर आत सगळे क्रिस्टल. चकचकीत डब्या, गंजलेल्या डब्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या नळ्या आणि तळाशी दुसऱ्या महायुद्धातले, काळ्या बॅकेलाइटच्या घरात बसवलेले, दोन पायांचे चार म्हातारे.

"भंगारवाला दीडशे देतो म्हणाला," वहिनी म्हणाल्या, "आणि ह्यांचा भाचा म्हणाला, मामी, फेकून दे, आता हे कोण वापरतं? पण भावजी, माझ्या मनात वेगळंच आहे. पलीकडच्या शाळेतली मुलं रेडिओ करायला शिकताहेत. त्यांना द्यावेत म्हणते. फक्त मेलेला एकही द्यायचा नाही."

"एखादा गेला मेलेला तर काय बिघडलं? मुलं टाकून देतील."

"नाही टाकणार. ह्यांचा पहिला ट्रान्समीटर तीन महिने बोलला नाही. जोडणी दहा वेळा उकलली, दहा वेळा केली. आपल्याला हे जमणारच नाही म्हणून सगळं विकायला निघाले होते. शेवटी निघालं काय, तर बाजारातून आणलेला क्रिस्टलच मेलेला. मुलांना काय कळणार? त्यांना वाटेल, चूक आपलीच."

यावर मला उत्तर सुचले नाही. मी डबा घेऊन घरी आलो. मोजले तर सत्तावन्न नग होते.

आता कुणी म्हणेल, की क्रिस्टल तपासायचे तयार यंत्र मिळते, त्यावर कंपनसंख्येचे आकडेही उमटतात, घरबसल्या मागवावे. मिळते, खरे आहे. पण आकडा उमटला नाही तर तो का उमटला नाही, हे ते यंत्र सांगत नाही. आपण स्वतः जोडलेल्या यंत्राचे 'नाही' आपल्याला ओळखीचे असते. शिवाय बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हिंडायला निमित्त हवेच असते, हेही लपवून ठेवत नाही.

बीसी ५४७ जातीचे दोन ट्रान्झिस्टर, दोन छोटे डायोड, चार-पाच रेझिस्टर, चार कंडेन्सर, एक तांबडा एलईडी, एक दाबायचे बटण आणि नऊ व्होल्टची बॅटरी. सगळे मिळून शंभराच्या नोटेत बसले, वर चहापुरते सुटे उरले. रचना अशी, की पहिल्या ट्रान्झिस्टरचा जो पाय हुकूम घेतो, तो बेस, त्याच्यापासून जमिनीपर्यंत तपासायचा क्रिस्टल लावायचा. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये २२० पिकोफॅरडचा एक कंडेन्सर, एमिटर आणि जमीन यांच्यामध्ये तसाच दुसरा. एमिटरखाली एक हजार ओहम, बेसला वरून दोन लाख वीस हजार. याला कोलपिट्स पद्धत म्हणतात. तिच्यातली गंमत झोपाळ्यासारखी आहे. बटण दाबताच क्रिस्टलला विजेचा किंचित धक्का बसतो. जिवंत असेल तर तो थरथरतो, त्या थरथरीची क्षीण वीज ट्रान्झिस्टर मोठी करतो आणि तिचा थोडा हिस्सा दोन कंडेन्सरांमार्फत नेमक्या वेळी पुन्हा क्रिस्टलला देतो. झोपाळा आपल्याकडे येऊन परतायला लागला की हलकेच धक्का द्यावा, तसा. पाहता पाहता झोका चढतो. क्रिस्टल मेलेला असेल तर पहिला धक्काच वाया जातो आणि सारे स्तब्ध राहते.

झोका चढला हे डोळ्यांना दिसावे म्हणून पुढचा अर्धा भाग. एमिटरवरची ती जलद थरथर एका कंडेन्सरमधून दोन डायोडांकडे जाते. डायोड तिची उलटसुलट वीज एकमार्गी करून एका छोट्या कंडेन्सरात साठवतात आणि त्या साठ्यावर दुसरा ट्रान्झिस्टर जागा होऊन एलईडी पेटवतो. क्रिस्टल थरथरला की दिवा लागला. नाही तर अंधार. एवढेच. तारा मात्र आखूड ठेवाव्या लागतात, आणि क्रिस्टल खोचायची जागा रिकामी ठेवून बटण एकदा दाबावेच. रिकाम्या जागेवरही दिवा लागला, तर यंत्र आपल्या आपणच बडबडते आहे आणि त्याच्या साक्षीला काही किंमत नाही. माझे शांत राहिले.

सौभाग्यवतींच्या शिवणाच्या जुन्या डबीत मी ते सगळे बसवले आणि एका रविवारी वहिनींकडे गेलो. वहिनी चष्मा लावून, वही-पेन्सिल घेऊन बसल्या. मी क्रिस्टल खोचायचा, बटण दाबायचे. त्यांनी वहीत फुली किंवा टिंब करायचे. पहिलाच रंगीत टीव्हीतला, ४.४३ मेगाहर्ट्झचा. दिवा लागला. "लागला हो!" वहिनी अशा काही म्हणाल्या, की शेजारच्या बाई डोकावून गेल्या. मग ११.०५९२चे तीन. हा आकडा अडनिडा दिसतो, पण त्याला बाराने आणि मग शहाण्णवने भागले की बरोबर ९६०० येतात. लहान संगणकांना तारेवरून बोलायला तो वेग लागतो, म्हणून क्रिस्टलच तसा कापून घेतात. तिन्ही लागले. मग २७ मेगाहर्ट्झचे, वॉकीटॉकीतले. तेही लागले, पण ते माझ्या यंत्रात २७ने थरथरत नव्हते, ९ने थरथरत होते. त्यांना मूळ सुराच्या तिप्पट सुरात गाण्यासाठी घडवलेले असते आणि माझे यंत्र त्यांना खालच्या पट्टीत गायला लावते. जिवंत आहे एवढे कळले, पुष्कळ झाले.

फेरी संपली तेव्हा अडतीस नगांपुढे टिंब होते आणि एकोणीस नगांपुढे फुली. वहिनींनी एकोणीस नग वेगळ्या वाटीत काढले आणि वाटी बाजूला सारली.

"थांबा वहिनी," मी म्हणालो. "दिवा लागला म्हणजे जिवंत, हे पक्कं. पण दिवा लागला नाही म्हणजे मेलाच, असं नाही. ह्या यंत्रात तो बोलला नाही, इतकंच झालंय."

वाटीतल्या सहा नळ्या घड्याळातल्या होत्या. या चिमट्यांची चाल माझ्या यंत्राला फार संथ, आणि त्यांची प्रकृतीही नाजूक. जास्त जोर लावला तर चिमटा मोडायचा. त्यांना वेगळा वैद्य लागतो. ४०६० नावाची एक चिप मिळते. तिच्यात हीच झोपाळ्याची सोय असते आणि येणाऱ्या थरथरीला ती पुन्हा पुन्हा दोनाने भागत जाते. चौदा वेळा भागले म्हणजे ३२,७६८चे उरतात दोन. तेव्हा एलईडी सेकंदाला बरोबर दोनदा मिचकतो. पुढच्या आठवड्यात मी पाच व्होल्टवर तीही जोडणी केली. सहापैकी पाच नळ्यांनी डोळे मिचकावले. नुसत्या दिव्यापेक्षा हे बघायला फार गोड वाटते. वहिनी स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून दिव्याशी ताडून पाहत होत्या.

नऊ डब्या मात्र खरोखरच गेलेल्या होत्या. त्यांतल्या चार तर कानाशी हलवल्या की आत खुळखुळत. कधी तरी हातातून पडून चकतीचे तुकडे झालेले. क्रिस्टलचा मृत्यू बहुधा असाच, जमिनीवर आपटून.

राहिले ते चार बॅकेलाइटवाले म्हातारे. त्यांतल्या एकावर युद्धातल्या छापाचा ६९७५ हा आकडा खोडून पांढऱ्या रंगाने, मित्राच्या हस्ताक्षरात, ७०२५ लिहिले होते. वहिनींनी तो ओळखला.

"हा ह्यांनी घासलेला. माझ्या रुखवतातल्या आरशावर."

युद्धकाळात अमेरिकेने असे क्रिस्टल कोट्यवधींच्या संख्येने केले. क्वार्ट्झ यायचा ब्राझीलच्या खाणींतून. युद्ध संपल्यावर ते जगभर जुन्या बाजारांत वजनावारी विकले गेले आणि हौशी लोकांची चंगळ झाली. पंचाईत एवढीच, की त्यांचे आकडे पलटणीच्या सोयीचे असत, आपल्या नव्हेत. हौशी माणसाला ७००० किलोसायकलच्या वर बोलायची मुभा आणि क्रिस्टल ६९७५चा! मग चकती घासायची. पातळ झाली की सूर चढतो. किती पातळ? ५० किलोसायकल चढवायला दोन-अडीच मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपास. काच सपाट आणि जाड लागते, आणि घरात तशी काच एकच होती. मित्राने मोटारीच्या व्हॉल्व्हला लावायची पेस्ट आरशावर थापली आणि बोटाच्या टोकाने चकती गोल गोल फिरवली. दहा फेरे, धुणे, पुसणे, सेटमध्ये लावून ऐकणे, पुन्हा दहा फेरे. त्या आरशाचा एक कोपरा अजून आंधळा आहे आणि वहिनी अजून त्याच आरशात पाहून वेणी घालतात.

त्याच क्रिस्टलला दिवा लागत नव्हता. मी दोनदा लावून पाहिला. वहिनी काही बोलल्या नाहीत. वहीत फुली मात्र त्यांनी केली नव्हती, जागा कोरी ठेवली होती.

इथे युद्धातलीच एक हकीकत माझ्या कामी आली. त्या वेळी घासून केलेले क्रिस्टल कारखान्यातून चांगले निघत आणि काही महिन्यांत बेसूर किंवा मुके होत. शोध घेतला तेव्हा कळले, की घासल्याने चकतीच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म चिरा आणि भुगा राहतो, दमट हवेत तो सुटत जातो आणि थरथर अडवतो. तेव्हापासून शेवटचा हात घासून न देता आम्लाने खरवडून देऊ लागले. माझ्या मित्राकडे ते आम्ल कुठले? त्याची चकती हाताने घासलेली, आणि त्यानंतर कित्येक पावसाळे तिने डब्यात काढलेले. म्हणजे ती मेली नसून नुसती मळली असण्याचा बराच संभव होता.

या जुन्या घरांची सोय अशी, की ती उघडतात. तीन स्क्रू काढले. झाकणाखाली स्प्रिंग, मग धातूची एक चौकोनी ताटली, मग चकती, मग दुसरी ताटली. चकती अर्ध्या मिलिमीटरहून पातळ, बोटाच्या पेरापेक्षा फारशी मोठी नाही. उजेडाकडे धरली तर धुरकट. वहिनींनी वाटीत कोमट पाणी आणि साबण आणला. जुन्या मऊ ब्रशने मी ती धुतली, ताटल्याही धुतल्या, स्वच्छ पाण्यातून काढल्या आणि पंख्याखाली वाळवल्या. चकती धरायची ती कडेनेच. बोटाचे तेल लागले तरी ती रुसते. स्प्रिंग बसवताना माझा हात थोडा कापत होता, तो वयाने, असे मी वहिनींना सांगितले.

बटण दाबले. दिवा लागला नाही. झाकणाचा एक स्क्रू जास्त आवळला गेला होता, तो अर्धा फेरा सैल केला. दिवा लागला.

लागला तो आधी मंद, आणि क्षणात भरून. वहिनींनी वहीत टिंब केले आणि पेन्सिल खाली ठेवली.

दिवा लागला, पण सूर कोणता हे दिवा सांगत नाही. म्हणून घरातला जुना शॉर्टवेव्हचा ट्रान्झिस्टर शेजारी ठेवून मी काटा हळूहळू सातच्या खुणेपाशी आणला. सगळीकडे खरखर चाललेली. एका जागी ती एकदम थांबली. क्रिस्टलचा आवाज रेडिओवर असाच ऐकू येतो: तिथे खरखर नसते. बटणावरचे बोट उचलले की खरखर परत, दाबले की शांत. वहिनी म्हणाल्या, "मी दाबू?" आणि त्यांनी बराच वेळ ते बटण दाबून धरले.

उरलेल्या तीन म्हाताऱ्यांपैकी दोघे धुतल्यावर बोलले. तिसऱ्याच्या चकतीला आरपार चीर होती.

म्हणजे सत्तावन्नांपैकी सेहेचाळीस जिवंत निघाले. वहिनींनी प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवली, मराठीत आकडे घातले आणि पंचेचाळीस शाळेत पोचवले. मेलेले अकरा भंगारवाल्याने घेतले नाहीत. वजन भरत नाही म्हणाला. टेस्टर मी मुलांकडेच ठेवून आलो. एकाने पहिल्याच दिवशी विचारले, "आजोबा, दिवा नाही लागला तर काय समजायचं?" त्याला मी ४०६०ची जोडणी कागदावर काढून दिली आणि साबणाचेही सांगितले. बॅटरी संपली की मुलांनी आपली आपण आणायची, असे ठरले आहे.